स्वभावगुणांचे मोजमाप आणि म्हाइंभटांचे चरित्र

'स्वभावाला औषध नाही' ही म्हण महाराष्ट्रात घरोघर बोलली जाते. तिचा उपयोग मात्र दोन अगदी निरनिराळ्या हेतूंनी होतो. रागाच्या भरात नको ते बोलून गेलेला मनुष्य 'माझा स्वभावच असा' म्हणून स्वतःची सुटका करून घेतो; आणि त्याचे बोलणे ज्याच्या जिव्हारी लागले तो 'त्याचा स्वभावच तसा' म्हणून त्याच्यावर कायमचा शिक्का मारतो. एकाला तेच वाक्य ढालीसारखे उपयोगी पडते, दुसऱ्याला दंडासारखे. परंतु एका बाबतीत त्या दोघांचेही एकमत असते. घडले त्याचे कारण त्या मनुष्याच्या आत ठेवलेले आहे आणि ते तेथून हलावयाचे नाही, असे दोघेही धरून चालतात.

हे गृहीत कितपत खरे, हा प्रश्न केवळ मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याचा नाही. आश्रमात नव्याने आलेल्या साधकावर कोणते काम सोपवावे, अनुसरण घेऊ इच्छिणाऱ्या कोणाला होकार द्यावा व कोणाला थांबवावे, दोन गुरुबंधूंत वितुष्ट आले असता कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा, हे निर्णय नित्य घ्यावे लागतात, आणि ते बहुधा स्वभावाच्या अनुमानावरच घेतले जातात. पोथी वाचतानाही हीच रीत चालते. लीळाचरित्रातील भक्तजनांची नावे घेताच वाचकांच्या जिभेवर तयार विशेषणे येतात: अमके भोळे, अमके तापट, अमक्या जिज्ञासू. या विशेषणांनी त्या व्यक्ती खरोखर समजतात काय, आणि समजत नसतील तर त्यांचा उपयोग तरी कोठवर करावा, याचा विचार करणे अगत्याचे आहे. त्यासाठी पाश्चात्त्य मानसशास्त्रातील गुणविशेषांचा सिद्धांत प्रथम पाहू व मग तो म्हाइंभटांच्या चरित्राला लावून पाहू.

माणसांचे नमुने पाडण्याचा उद्योग जुना आहे. ग्रीक विद्वान थिओफ्रास्टस याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात खुशामत्या, कंजूष, बढाईखोर अशी तीस स्वभावचित्रे लिहिली. आधुनिक शास्त्राने मात्र चित्राऐवजी शब्दांपासून आरंभ केला. माणसामाणसांतील जे भेद व्यवहारात महत्त्वाचे असतात त्यांना भाषेत कधी ना कधी शब्द मिळतोच, अशी त्यामागची कल्पना. इंग्लंडातील फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८४ साली एका शब्दसंग्रहातून स्वभाववाचक शब्द मोजण्याचा यत्न केला. पुढे अमेरिकेत गॉर्डन ऑलपोर्ट व हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ साली वेब्स्टरच्या कोशातून असे १७,९५३ शब्द वेचून काढले. त्यांपैकी सुमारे साडेचार हजार शब्द स्थिर गुणांचे वाचक आहेत, असे त्यांना आढळले. एवढे शब्द हाताळणे कठीण. म्हणून रेमंड कॅटेल यांनी गणिती घटक-विश्लेषणाच्या रीतीने त्यांचे सोळा घटक केले, हान्स आयझेंक यांनी प्रथम दोनच परिमाणे धरली व नंतर तिसऱ्याची भर घातली. अखेरीस बहुसंख्य अभ्यासकांचे मत पाच घटकांवर स्थिरावले: बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थैर्य आणि नव्या अनुभवांविषयीचा मोकळेपणा. प्रत्येक मनुष्याला या पाच मापांवर कोठे तरी स्थान असते, असे हे शास्त्र सांगते. हे पाच घटक सर्व मानवजातीला सारखेच लागू पडतात काय, याविषयी मात्र शंका आहेत. बोलिव्हियातील त्सिमाने या वनवासी जमातीच्या अभ्यासात, जो २०१३ साली प्रसिद्ध झाला, ही पाचांची घडी नीट बसली नाही. तेराव्या शतकातील मराठी माणसांना हीच मापे लावणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी हे बरे.

येथे एका घाईविषयी सावध करणे इष्ट होईल. 'गुण' हा शब्द दिसताच सत्त्व, रज आणि तम यांच्याशी या पाच घटकांची जोडी लावून देण्याचा मोह आपल्याकडील पुष्कळांना होतो. शब्द एक असला तरी पदार्थ एक नाही. त्रिगुण हा सृष्टीच्या घडणीविषयीचा विचार आहे. हे पाच घटक म्हणजे असंख्य लोकांनी दिलेल्या उत्तरांची गणिताने केलेली वर्गवारी. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांपैकी जीवाच्या स्वरूपाविषयी ही वर्गवारी काही सांगत नाही, सांगण्याचा तिचा दावाही नाही. देहमनाच्या व्यवहारात जे वारंवार दिसते तेवढेच ती नोंदवते. तिच्याकडून याहून अधिक मागू नये व तिला याहून अधिक देऊही नये.

या परंपरेतील सर्वांत विचारी लेखक म्हणून ऑलपोर्ट यांचे नाव घ्यावे लागते. गुणांच्या तीन पायऱ्या त्यांनी कल्पिल्या. काही थोड्या माणसांच्या ठिकाणी एकच गुण एवढा प्रबळ असतो की सारे आयुष्य त्याच्या छायेत येते. अशा माणसाचे नावच पुढे त्या गुणाचे नाव होऊन बसते. मराठीत एखाद्याला 'हरिश्चंद्र' किंवा 'कळीचा नारद' म्हणतात ते या अर्थाने. बहुतेक माणसांना मात्र पाच-दहा मध्यवर्ती गुण असतात. परिचिताविषयी शिफारसपत्र लिहिताना सहज सुचतात तेच हे गुण. त्याखाली आवडीनिवडीसारखे दुय्यम गुण येतात. वर्गवारी एवढीच असती तर ती शाळेतल्या धड्यापलीकडे गेली नसती. परंतु ऑलपोर्ट यांना सरासरी माणसापेक्षा एकटा माणूस समजून घेण्याची ओढ होती, आणि त्या ओढीपोटी त्यांनी एक प्रयोग केला.

जेनी या टोपणनावाच्या एका स्त्रीने १९२६ ते १९३७ या काळात आपल्या मुलाच्या एका मित्राला व त्याच्या पत्नीला ३०१ पत्रे लिहिली. पतीच्या निधनानंतर जन्मलेल्या एकुलत्या एका मुलाला तिने हाडांची काडे करून वाढविले. त्याने परस्पर विवाह केल्याचे कळताच तिने त्याला घराबाहेर घालविले. १९२९ मध्ये तो वारला आणि पुढची आठ वर्षे ती एकटी, सर्वांशी भांडत जगली. ही पत्रे ऑलपोर्ट यांनी १९६५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यांनी ती छत्तीस जणांना वाचावयास देऊन जेनीचे स्वभावगुण लिहून मागविले. त्यांनी १९८ शब्द वापरले. जवळजवळचे शब्द एकत्र करता आठ गट पडले: भांडखोर-संशयी, आत्मकेंद्रित, स्वतंत्र वृत्तीची, नाट्यमय, कलासक्त, आक्रमक, निराश आणि भावविवश. पुढे जेफ्री पेज यांनी संगणकाच्या साहाय्याने त्याच पत्रांतील शब्दांचे विश्लेषण केले, तेव्हाही फारसे निराळे घटक निघाले नाहीत. म्हणजे वाचणाऱ्यांनी जे पाहिले ते केवळ त्यांच्या मनाचे खेळ नव्हते.

तरीही यादी वाचून झाल्यावर मनात काही तरी अपुरे राहते. जेनी आत्मकेंद्रित होती हे खरे, आणि मुलासाठी तिने स्वतःला झिजविले हेही तितकेच खरे. मुलावरची तिची माया आणि मुलाला तिने दाखविलेली दाराबाहेरची वाट या एकाच गोष्टीच्या दोन बाजू कशा होत्या, ते आठ गटांच्या यादीतून कळत नाही. नग मोजून झाले. ते एकमेकांना कसे बांधलेले आहेत हे सांगावयाचे राहिलेच. ऑलपोर्ट यांनाही हे जाणवले होते, म्हणून त्यांनी जेनीविषयी अन्य विचारसरणींची स्पष्टीकरणेही शेजारी ठेवून दाखविली.

आता म्हाइंभटांकडे वळू. सराळ्याचे हे पंडित शास्त्राध्ययनाच्या अभिमानाने भरलेले होते. सर्वज्ञांच्या भेटीस ते आले ते जिज्ञासेपेक्षा वादाच्या ईर्षेने आले, आणि स्वामींच्या सन्निधानात त्यांचा तो ताठा टिकला नाही, हे लीळाचरित्राच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यानंतर ते नागदेवाचार्यांसमवेत ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. तेथे भटोबासांना लीळांच्या स्मरणात मग्न झालेले पाहून, हे सारे स्मरणाबरोबरच लोपून जाईल, ही चिंता म्हाइंभटांना लागली, आणि इ. स. १२७८ च्या सुमारास लीळासंकलनाचे कार्य सुरू झाले. भटोबासांनी स्वतःच्या देखत घडलेले सांगितले. जे इतरांच्या देखत घडले ते ज्याचे त्याला विचारण्यासाठी म्हाइंभट गावोगाव हिंडले. मराठीतील पहिला मोठा गद्यग्रंथ असा पायपिटीतून सिद्ध झाला. पुढे श्रीगोविंदप्रभूंचे चरित्रही त्यांनीच लिहिले.

या मनुष्याला ऑलपोर्टांच्या रीतीने छत्तीस वाचकांपुढे ठेवले, तर कोणती यादी येईल याचा अंदाज करणे कठीण नाही. विद्वान, अभिमानी, वादप्रिय, चिकित्सक, चिकाटीचे, कष्टाळू, निष्ठावान, विनम्र. यांतील एकही शब्द खोटा नाही. पण 'अभिमानी' आणि 'विनम्र' हे दोन्ही शब्द एकाच यादीत आले, त्यांचे काय करावयाचे? पंचघटकांच्या मापात ते एकाच मोजपट्टीवर येतील, सौजन्याच्या. वादाच्या ईर्षेचे दिवस व नम्रतेचे दिवस यांची सरासरी काढली की उत्तर येईल 'मध्यम'. आणि म्हाइंभट आयुष्यात एक दिवससुद्धा मध्यम नव्हते! मोजमापाने एक असा म्हाइंभट निर्माण केला जो कधी जन्मालाच आला नाही.

कोणी म्हणेल, यात मापाचा दोष नाही; मनुष्य बदलला, तेव्हा आधीचे व नंतरचे असे दोन म्हाइंभट मोजावेत. तसेही करून पाहता येईल. परंतु त्यामुळे निराळीच चूक होते. 'अनुसरणापूर्वी अभिमानी, अनुसरणानंतर नम्र' एवढे म्हटले की दोन अनोळखी माणसे शेजारी उभी केल्यासारखे वाटते. एकाचा दुसरा कसा झाला, आणि दुसऱ्यात पहिल्याचे काय उरले, हेच तर समजून घ्यावयाचे असते.

याच अडचणीवर पाश्चात्त्य शास्त्रातही मोठा वाद झाला. हार्टशोर्न आणि मे या संशोधकांनी १९२० च्या दशकात सुमारे अकरा हजार शाळकरी मुलांची पाहणी केली. वर्गातील परीक्षेत लबाडी करणारा मुलगा खेळातही लबाडी करील किंवा घरी खोटे बोलेल, असा भरवसा देता येत नाही, असे त्यांना दिसले. पुढे वॉल्टर मिशेल यांनी १९६८ साली आपल्या ग्रंथात असा आक्षेप घेतला की गुणांच्या चाचणीवरून प्रत्यक्ष एखाद्या प्रसंगातील वर्तन ओळखू गेल्यास दोहोंतील सहसंबंध सहसा ०.३० च्या पुढे जात नाही. गणिताच्या भाषेत, माणसामाणसांच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यापैकी जेमतेम नऊ टक्के फरकाचा उलगडा त्या गुणाने होतो. गुणवाद्यांच्या बाजूने सीमोर एप्स्टाईन यांनी १९७९ मध्ये उत्तर दिले. एका प्रसंगाचे भाकीत करू नका, अनेक दिवसांच्या वागण्याची बेरीज घ्या, म्हणजे गुण स्थिर असल्याचे दिसेल. हे उत्तरही खोटे नव्हे. भांडाराच्या किल्ल्या कोणाकडे द्याव्यात, हे ठरविताना महंत वर्षानुवर्षांच्या वागण्याची बेरीजच पाहतात, आणि तसे पाहणे योग्यच आहे.

परंतु या वादातून जे सर्वांत मोलाचे निघाले ते वेगळेच आहे. मिशेल, युइची शोडा व जॅक राइट यांनी उन्हाळी शिबिरातील मुलांचे वागणे कित्येक तास पाहून नोंदविले, आणि प्रत्येक वेळी प्रसंग कोणता होता हेही नोंदविले. त्यांना असे दिसले की दोन मुले बेरजेने सारखीच भांडखोर ठरली, तरी एक मोठ्यांनी दटावले की भडकत असे, तर दुसरे सवंगड्यांनी आपणहून जवळीक केली की. पहिले मूल सवंगड्यांत शांत असे, दुसरे मोठ्यांपुढे निमूट राही. 'भांडखोर' हा एक शब्द दोघांना लावला की दोघांविषयीही काही कळले नाही असे होते. अमुक प्रसंग आला तर अमुक वर्तन, हा जो प्रत्येकाचा ठसा असतो, तोच त्याचा खरा स्वभाव, असे मिशेल व शोडा यांनी १९९५ साली मांडले. म्हणजे स्वभाव नाही असे नव्हे. तो 'कसा' या शब्दात सापडत नाही, 'केव्हा' आणि 'कोणापुढे' या शब्दांत सापडतो.

हे सूत्र हाती घेऊन पुन्हा म्हाइंभटांकडे पाहावे. वादासाठी आलेल्या पंडिताजवळ काय होते? प्रमाणाचा आग्रह होता. समोरचा जे बोलतो ते कशावरून, याची झडती घेतल्यावाचून पुढे जावयाचे नाही, ही त्याची सवय होती. त्या सवयीला विद्येचा ताठा जोडलेला होता, कारण झडती घेणारा स्वतःला उंच आसनावर समजत होता. आता संकलन करणारा म्हाइंभट पाहावा. प्रमाणाचा आग्रह तसूभरही कमी झालेला नाही. ही लीळा कोणी पाहिली, कोठे घडली, स्वामी नेमके काय बोलले, ऐकणाऱ्याने काय म्हटले, हे साक्षात ज्याच्यापुढे घडले त्याच्याकडूनच घ्यावयाचे. भक्तीच्या आवेगात चरित्र लिहिणाऱ्यांना अशी झडती घेण्याची गरज सहसा वाटत नाही. म्हाइंभटांना ती वाटली, कारण ते पूर्वी जे होते तेच होते. बदलले ते आसन. पूर्वी समोरच्याला पाडण्यासाठी जो प्रश्न विचारला जाई, तोच आता समोरच्याजवळचे धन सांभाळण्यासाठी विचारला जाऊ लागला. शास्त्रार्थाच्या सभेत ज्यांना बोलण्याचा अधिकारही नव्हता अशा स्त्रिया व साधे जन आता म्हाइंभटांचे प्रमाण झाले, आणि पंडित त्यांच्या पुढ्यात लेखणी घेऊन बसला. त्यांच्या तोंडची भाषा त्याने शास्त्रीय करून घेतली नाही, जशी होती तशी ठेवली.

ताठ्याचे काय झाले, हे याहून सूक्ष्म आहे. लीळाचरित्र म्हाइंभटांनी लिहिले, आणि त्याच लीळाचरित्रात म्हाइंभटांच्या गर्वाचा व त्या गर्वाच्या परिहाराचा प्रसंग आहे. लिहिणारा आपली फजिती स्वतःच्या हाताने नोंदवीत आहे. तीही 'मी किती पामर होतो' असे कोठे आळवणे नाही, क्षमायाचना नाही. इतर भक्तांचे प्रसंग आहेत तसाच हा एक, तेवढ्याच अलिप्तपणे आलेला. नम्रतेचे प्रदर्शन करणाऱ्याला आपला दोष रंगवून सांगण्यात गोडी वाटते. अभिमान्याला तो लपविण्यात. म्हाइंभटांनी दोन्ही केले नाही. घडले ते नोंदविले, कारण ते स्वामींच्या सन्निधानी घडले होते आणि त्याला प्रमाण होते. त्या प्रसंगाचे साक्षी ते स्वतः होते, म्हणून इतर साक्षींना जो न्याय तोच स्वतःला. हा अभिमान नव्हे, आणि रूढ अर्थाची नम्रताही नव्हे. यासाठी वेब्स्टरच्या कोशातील सतरा हजार शब्दांत शब्द सापडेलच, असे वाटत नाही. मराठीतही सहजी सापडत नाही.

लीळाचरित्राच्या शैलीचा एक विशेष या संदर्भात डोळ्यांत भरतो. त्या ग्रंथात स्वभाववाचक विशेषणे फार विरळ आहेत. अमुक व्यक्ती अशी होती, असे लेखक स्वतः होऊन क्वचितच सांगतो. ठिकाण येते, प्रसंग येतो, प्रश्न येतो, स्वामींचे उत्तर येते, आणि लीळा संपते. विशेषणे लावली आहेत ती मागून आलेल्या वाचकांनी, आणि शालेय पुस्तकांनी तर अधिकच. महदाइसांचे उदाहरण घ्यावे. त्यांच्या चर्चक वृत्तीचा निर्देश परंपरेत आवर्जून होतो, त्यांच्या प्रश्नांमुळे स्वामींची कितीतरी वचने प्रकट झाली हे निर्विवाद आहे, आणि ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी त्यांनी धवळे रचले म्हणून आद्य मराठी कवयित्री हा मानही त्यांचाच. परंतु 'जिज्ञासू' हा शब्द एकदा चिकटला की वाचक त्यांच्या प्रश्नांतील भेद पाहावयाचे सोडून देतो. समजले नाही म्हणून विचारलेला प्रश्न निराळा, समजलेले पटत नाही म्हणून विचारलेला निराळा, आणि स्वामींच्या तोंडून आणखी ऐकावे या ओढीने विचारलेला तर अगदीच निराळा. हे तीन प्रश्न तीन निरनिराळ्या स्थितींतून उमटतात. एका शब्दाने ते तिन्ही झाकले जातात, आणि महदाइसाही त्यांबरोबर झाकल्या जातात.

येथे दृष्टांतपाठातील हत्तीचा दृष्टांत कोणालाही आठवेल. जन्मांधांनी हत्ती हाताने पाहिला. ज्याच्या हाती पाय आला त्याला तो खांबासारखा वाटला, कान लागला त्याला सुपासारखा. केशिराजबासांनी सांगितलेले त्याचे दार्ष्टांतिक निराळे आहे, ते परमेश्वराविषयीच्या अपुऱ्या ज्ञानाकडे निर्देश करते. माणसाच्या स्वभावाला ते जसेच्या तसे लावणे उचित नव्हे. तरी दृष्टांतातील एक गोष्ट या विषयातही उपयोगी पडते. त्या अंधांचा स्पर्श खोटा नव्हता. पाय खरोखरच खांबासारखा असतो. दोष शिरला तो 'हत्ती खांबासारखा' असे म्हणण्यात. गुणविशेषांचा सिद्धांतही जेवढे चाचपून सांगतो तेवढे बहुधा खरे असते, आणि म्हणूनच ते फसवे होते. खोटे असते तर लवकर टाकून दिले गेले असते.

याचा नैतिक भाग आता पाहावयाचा. दुसऱ्याच्या कृतीचे कारण त्याच्या अंतरंगात शोधण्याची माणसाची खोड विलक्षण चिवट आहे. एडवर्ड जोन्स व व्हिक्टर हॅरिस यांचा १९६७ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रोची बाजू घेणारा निबंध वाचकांना दिला, आणि लेखकाला ही बाजू नेमून देण्यात आली होती, निवड त्याची नव्हती, असे स्पष्ट सांगितले. तरीही लेखकाचा कल कॅस्ट्रोकडे असावा, असेच वाचकांना वाटत राहिले. प्रसंगाची सक्ती डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही, आणि न दिसणारे अंतरंग मात्र दिसल्यासारखे वाटते. आश्रमात एखादा तरुण भिक्षुक दोन-तीनदा चिडून बोलला की तो 'तापट' ठरतो. तो उपाशीपोटी दीर्घ वाटचाल करून आल्यावरच चिडतो, की एका विशिष्ट व्यक्तीने चारचौघांत चूक काढल्यावरच चिडतो, हे कोणी विचारीत नाही. शब्द मिळाला की विचारण्याची गरज संपते. आणि पुढे त्याने चार वेळा राग गिळला तरी त्या चार वेळा कोणाच्या खाती जमा होत नाहीत, कारण नाव आधीच पडलेले असते.

जीवाची योग्यता जाणणारा एक परमेश्वर, असे मानणाऱ्या मार्गात तरी या घाईला जागा नसावी. तापट म्हणणारा केवळ झालेले सांगत नसतो, व्हावयाचे तेही सांगत असतो. 'हा पुढेही असाच वागेल' हे भविष्य त्या एका शब्दात दडलेले असते. ते सांगण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? सुदैवाने शास्त्रही त्याच्या बाजूने नाही. ब्रेंट रॉबर्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली ब्याण्णव दीर्घकालीन अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हा वाढत्या वयाबरोबर माणसांची कर्तव्यदक्षता व भावनिक स्थैर्य साधारणपणे वाढत जाते, आणि हा बदल तारुण्यात सर्वांत अधिक होतो, असे आढळले. स्वभावाला औषध नाही, ही म्हण अभ्यासकांच्या नोंदींत टिकत नाही. औषध सावकाश लागू पडते एवढेच.

आणि उलट बाजूने, 'माझा स्वभावच असा' म्हणणाऱ्यालाही यात आधार मिळत नाही. प्रसंगावर सारे अवलंबून, मग माझा दोष कोठे, असे म्हणून तो नवी पळवाट काढू पाहील. पण कोणता प्रसंग आपल्याला खाली ओढतो हे एकदा कळल्यावर त्या प्रसंगापाशी पुनःपुन्हा जाऊन बसणे ही त्याची स्वतःची निवड ठरते. सूत्रपाठातील आचार या दृष्टीने वाचावा. स्वदेशाचा व स्वग्रामाचा संबंध सोडावा, एका ठायी रुतून राहू नये, भिक्षा करावी, विजनी असावे, हे जे सांगितले आहे ते 'आसक्ती धरू नकोस' एवढ्या उपदेशावर थांबलेले नाही. आसक्ती जेथे उगवते ती जमीनच पायाखालून काढून घेतली आहे. आधुनिक मानसशास्त्राचे शोध सूत्रांत आधीच सांगितले होते, असा डंका पिटण्याचे यात काही कारण नाही. तसले दावे दोन्ही ग्रंथांना लहान करतात. आचाराचे प्रयोजन मोक्ष आहे, वर्तनसुधार नव्हे. परंतु जिवाला त्याच्या सवयींपुढे एकटे सोडून उपदेश करण्यापेक्षा त्याच्या सभोवतीचे प्रसंग बदलणे अधिक दयेचे आहे, हे त्या आचारात स्पष्ट दिसते. ज्याला ही दया स्वतःसाठी मिळाली त्याने शेजारच्या आसनावरील गुरुबंधूला एका विशेषणात कोंडून ठेवावे, यातील विसंगती लक्षात येण्यास मानसशास्त्राची फारशी गरज पडू नये.

मग गुणविशेषांचे शब्द टाकूनच द्यावेत काय? तसे करता येणार नाही, आणि करण्याची जरूरही नाही. शब्द हातात धरून पोथी उघडावी, आणि शब्द ज्या प्रसंगापाशी अडखळेल तेथे थांबावे. म्हाइंभटांना 'अभिमानी' म्हणून वाचू लागावे. एका स्त्रीने सांगितलेली लीळा जशीच्या तशी उतरविणारा हा अभिमानी कसा, असा अडथळा येईल. 'नम्र' म्हणून वाचावे. मग कोणाच्याही सांगण्यावर साक्षीवाचून विश्वास न ठेवणारा हा नम्र कसा, असा दुसरा येईल. या दोन अडथळ्यांच्या मध्ये जो मनुष्य उभा आहे तो म्हाइंभट.

त्यांच्या हातचा मूळ ग्रंथ पुढे धाडीच्या धामधुमीत नाहीसा झाला. हिराइसा व इतर ज्येष्ठांच्या स्मरणातून लीळा पुन्हा जुळवाव्या लागल्या, पाठांत भेद पडले, काय घ्यावे व काय ठेवावे याचा विचार वारंवार झाला. ग्रंथकर्त्याच्या मानाखातर एखादा प्रसंग गाळावयाचा असता, तर याहून चांगली संधी नव्हती. सराळ्याच्या पंडिताच्या गर्वाचा प्रसंग आजच्या पोथीतही आहे.